अपूर्णांक

हरसूलचा घाट चढताना
माझ्या मांडीवर बर्फाची पेटी असते.
जाताना नळ्या रिकाम्या, येताना भरलेल्या.
उतारावर कचरूभाऊ गाडी हळू घेतात,
म्हणतात, पोरींचं रक्त आहे मॅडम,
हिंदकळायला नको.

आश्रमशाळेत साठ मुली.
अ गटाला रोज चार वाजता नागलीचा लाडू :
मोड आणून, वाळवून, दळून, गुळात वळलेला,
वजन चाळीस ग्रॅम.
ब गटाला बिस्किटं, तेवढ्याच उष्मांकांची.
चिठ्ठ्या नाशिकला संगणकाने काढल्या,
कुणाचा राग कुणावर नको म्हणून.
तरी पहिल्याच दिवशी क्रमांक सतरा,
जाई भोये, विचारून गेली :
"नागली आमच्याच शेतातली आणली ना?
मग मी बिस्किटात कशी?"

मी तिला यादृच्छिक हा शब्द सांगितला.
तिने तो पाठ केला.
अर्थ नाही विचारला.

दंडाला रबर बांधला
की मुली खिडकीबाहेर बघतात.
आठ पॉइंट नऊ. नऊ पॉइंट दोन. आठ पॉइंट चार.
मी लिहीत जाते. त्या कापूस दाबून वर्गात जातात.

तिसऱ्या महिन्यात अ गट वर सरकला, ठरल्याप्रमाणे.
ब गटही सरकला.
तितका नाही, पण सरकला.
बोरस्ते सरांनी यंत्र पुन्हा जुळवायला लावलं.
गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत
रात्री नऊपर्यंत मी तेच नमुने पाचदा तपासले.
आकडा हलेना.
सर म्हणाले, कुठेतरी गळती आहे.

गळती शोधायला
मी चारच्या सुमारास स्वयंपाकघरामागे जाऊन बसले.
लाडू वळणाऱ्या मथीबाईंनी पाट सरकवला.
बघा, म्हणाल्या, पण बोलू नका.

हौदापाशी मुली जमल्या.
फ्रॉकच्या खिशांतून लाडू निघाले,
थोडे दबलेले, थोडी लोकर चिकटलेले.
जाईच्या हातात गणिताची वही,
उलटी धरलेली, मागच्या पानापासून भरत आणलेली :
तारीख, नाव, एक द्वितीयांश.
तारीख, नाव, एक चतुर्थांश.
वंसीला ताप, तिचा अख्खा लाडू तिघींत.
तीन भाग नीट होईनात
तेव्हा एक चतुर्थांश मांजरीला, तोही लिहिलेला.

गुरुजी नंतर म्हणाले,
अपूर्णांकांचा धडा जूनमध्येच झाला,
कुणाला म्हणून जमला नव्हता.

नव्वद दिवस, एक खाडा नाही.
माझ्या नोंदवहीत दोन रविवार कोरे आहेत.
हे मी सरांना सांगितलं नाही.

वही मागून आणली, त्यांच्या टेबलावर ठेवली.
ते बराच वेळ पानं उलटत राहिले.
मग चष्मा काढून म्हणाले, दोन गटांचा अभ्यास गेला.
चहा आला, गार झाला.
मग म्हणाले : कुणी किती खाल्लं
आणि कुणाचं किती वाढलं, मांडून तर बघ.

मी साठ ठिपके मांडले.
रेघ ओढायच्या आधीच ते चढत गेले,
उतारावर लावलेल्या नागलीसारखे,
एका ओळीत नव्हेत,
काही आडवे, काही मागे राहिलेले,
पण चढाकडेच.

वही कुणाची म्हणायची?
मुलींचं नाव छापता येत नाही,
क्रमांक छापला तर तो आभार होत नाही.
समितीला पत्र गेलंय.
उत्तर यायचंय.

पुढच्या फेरीला पेटीवर वही होती.
कचरूभाऊंनी वळणं आणखी हळू घेतली.
जाई फाटकाशीच उभी.
"पुढच्या पानांवर माझा गृहपाठ आहे," म्हणाली,
"तुमच्यापायी रोज बोलणी खाल्ली."
मी वही दिली. तिने आधी मागचं पान उघडलं,
बोट ठेवत खाली आली, थांबली.

"सहा दिवस पाटीवर लिहून ठेवलेत.
उतरवून घेते.
मग टोचा."